‘संन्यस्त खड्ग’ आणि चाल देणारा कलावंत : रामकृष्णबुवा वझे यांच्या नाट्यपदांचा पुनर्विचार

१९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलेले ‘संगीत संन्यस्त खड्ग’ हे नाटक रत्नागिरीच्या सांस्कृतिक इतिहासात दोन नावांशी निगडित झालेले आहे. एक नाव नाटककार विनायक दामोदर सावरकर यांचे आणि दुसरे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे. या नाटकासंबंधी जे लेखन झाले त्यात सावरकरांचा विचार आणि दीनानाथांचा गळा या दोन गोष्टींचीच चर्चा प्राधान्याने आढळते. पदांना चाली देणारे रामकृष्णबुवा वझे यांचा उल्लेख श्रेयनामावलीपुरता येतो आणि तेथेच संपतो. थोर गवई म्हणून बुवांचे नाव संगीताच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. परंतु रचनाकार म्हणून त्यांच्या कार्याचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला आहे. हे दुर्लक्ष केवळ श्रेयापुरते असते तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण ‘संन्यस्त खड्ग’ नाटकाची चाल लावणाऱ्याला वगळून केलेली समीक्षा त्या नाटकाच्या पुढील आयुष्याचा उलगडाच करू शकत नाही. तलवारीचे समर्थन करण्यासाठी लिहिलेले नाटक आज रसिकांच्या ओठी उरले आहे ते विरहाच्या पदांमधून. हे असे का झाले, याचे उत्तर संहितेत पूर्णपणे सापडत नाही.

कोकणातून ग्वाल्हेरकडे

रामकृष्णबुवांचा जन्म २८ नोव्हेंबर १८७१ रोजी सावंतवाडी संस्थानात झाला. जन्मगावाचे नाव वझरे आणि ओझरे अशा दोन्ही प्रकारे छापलेले आढळते. वडिलांचे छत्र त्यांना लाभले नाही. बालपणी आईसमवेत त्यांना कागल येथे जावे लागले आणि तेथेच गाण्याचे पहिले संस्कार झाले. पुढे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण येथे विठोबा अण्णा हडप यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. लहान वयात विवाह, घरची हलाखी आणि गाण्याची ओढ यांच्या कात्रीत सापडलेल्या या मुलाने अखेर घर सोडले आणि पुणे, मुंबई, इंदूर, उज्जैन, काशी अशी भटकंती करीत ग्वाल्हेर गाठले. निसार हुसेन खाँ यांच्याकडून त्यांना तेथे ग्वाल्हेर गायकीची विद्या मिळाली. त्या पिढीच्या महाराष्ट्रीय गवयांची चरित्रे बव्हंशी अशीच आहेत. तेव्हा त्या कष्टांच्या तपशिलात फार न शिरता या तालमीने रचनाकार वझे यांना काय दिले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

ग्वाल्हेर परंपरेत बंदिशीला असलेले स्थान येथे महत्त्वाचे आहे. अस्थायी आणि अंतरा स्वच्छ, पूर्ण व शब्दांसह मांडल्याशिवाय पुढील विस्ताराला प्रारंभ करू नये, हा त्या गायकीचा दंडक. शब्दाचे वजन आणि लयीचे वजन यांचा मेळ घालून केलेली बोल-उपज हेही तिचे वैशिष्ट्य. आलापीतच रमणाऱ्या गायकीत शब्द निमित्तमात्र होतो. ग्वाल्हेरात तो तसा होत नाही. नाट्यपदाची चाल बांधणाऱ्याला नेमकी हीच शिस्त लागते, कारण प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेतील माणसाला पद कळले पाहिजे. त्याशिवाय बुवांनी भटकंतीत अनेक ठिकाणच्या चिजा आणि अनवट राग गोळा केले होते. निव्वळ गोड गळ्याचे गवई म्हणून त्यांची ख्याती नव्हती. लयीवरील हुकूम, पेचदार तान आणि अप्रचलित रागांचा साठा ही त्यांची मिरास मानली जाई. सारांश, नाटक कंपनीकडे ते आले तेव्हा त्यांच्या पोतडीत इतरांजवळ नसलेला माल होता.

ललितकलादर्श मंडळीशी त्यांचा संबंध आला. केशवराव भोसले आणि पुढे बापूराव पेंढारकर यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी स्थापन केलेल्या बळवंत संगीत मंडळीसाठी त्यांनी केलेले काम मात्र सर्वांत टिकाऊ ठरले. दीनानाथांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले होते. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ (१९२७) आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ही या गुरुशिष्यांच्या सहकार्याची दोन ठळक फळे होत. दुसऱ्या नाटकाच्या वेळी बुवा साठीला आले होते आणि दीनानाथ तिशीत होते.

‘चाल देणे’ या क्रियेचे स्वरूप

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी संगीत नाटकात ‘संगीतकार’ असा स्वतंत्र कलावंत होता काय? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) नाटकापासून पदांवर अमुक पदाच्या चालीवर अशी सूचना छापण्याची प्रथा होती. साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी पदे, पुढे पारशी-उर्दू रंगभूमीवरील गाणी आणि अखेर ख्याल-ठुमरीच्या बंदिशी, अशा तयार साच्यांत पदे ओतली जात. ‘मानापमान’ (१९११) नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी जे केले ते अपूर्व होते. तरीही मुळातील चिजांचा आधार त्यांनाही होताच. मग जो आयत्या चिजेवर पद बसवतो त्याला रचनाकार कसे म्हणावे?

हा आक्षेप वरवर सबळ वाटतो, पण त्यामागे रचनेची एक विशिष्ट, युरोपीय कल्पना गृहीत धरलेली आहे. संपूर्ण स्वरलिपी कागदावर उतरवणारा आणि प्रत्येक स्वराची मालकी सांगणारा तोच रचनाकार, अशी ती कल्पना होय. गंमत अशी की पाश्चात्त्य परंपरेतही ती सर्वत्र टिकत नाही. बुवांचा जवळजवळ समवयस्क असलेला अमेरिकन रचनाकार चार्ल्स आइव्ह्ज (१८७४–१९५४) उपजीविकेसाठी विम्याचा व्यवसाय करीत असे आणि त्याच्या कृतींमध्ये चर्चमधील स्तोत्रे, बँडवरील कवायती चाली, लोकगीते यांचे तुकडे उघडउघड उचललेले आढळतात. १९२२ मध्ये त्याने स्वखर्चाने ११४ गीतांचा संग्रह छापला. आयुष्याचा बराच काळ त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. तिसऱ्या सिंफनीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले तेव्हा १९४७ साल उजाडले होते. उचललेल्या सामग्रीमुळे आइव्ह्जचे कर्तृत्व कमी झाले, असे आता कोणी म्हणत नाही. सामग्री कोठून आणली यापेक्षा ती कोठे, कशासाठी आणि कोणत्या शेजारात ठेवली, यातच रचना असते. नाट्यपदांच्या बाबतीत ही निवड आणखी कठीण असते, कारण तेथे शब्द आधीच ठरलेले असतात, प्रसंग ठरलेला असतो आणि गाणाऱ्याचा गळाही ठरलेला असतो.

रत्नागिरीतील शब्द

सावरकरांची १९२४ च्या जानेवारीत सशर्त सुटका झाली आणि १९३७ पर्यंत त्यांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध राहावे लागले. राजकारणात भाग घेण्यास बंदी होती. या काळात त्यांनी ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’ आणि ‘उत्तरक्रिया’ ही नाटके लिहिली. जिल्ह्याबाहेर जाण्याची मुभा नसलेल्या लेखकाचे शब्द नाटक मंडळीच्या बिऱ्हाडासमवेत गावोगाव फिरले, ही घटना स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. ‘संन्यस्त खड्ग’ नाटकाचे कथानक बुद्धकाळातील आहे. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह शस्त्रत्याग करून संन्यास घेतो. राष्ट्रावर परचक्र येते तेव्हा त्याला पुन्हा खड्ग हाती घ्यावे लागते. आत्यंतिक अहिंसेचा प्रतिवाद हा नाटकाचा उघड हेतू आहे. १९३१ च्या प्रेक्षकाला त्याचा समकालीन रोख समजण्यास कोणत्याही टीपेची गरज पडली नसेल. विक्रमसिंहाचा पुत्र वल्लभ आणि सून सुलोचना यांची प्रेमकथा या वादाच्या कडेने चालते.

सावरकरांच्या पदरचनेतील एक विसंगती समीक्षकांच्या नजरेतून सहसा निसटते. भाषाशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या या कवीची शब्दकळा संस्कृतप्रचुर आहे, यात नवल नाही. परंतु ‘शत जन्म शोधितांना’ हे पद ज्या वृत्तात आहे ते मात्रांच्या दृष्टीने पाहिले तर आनंदकंद ठरते. गागालगालगागा या बारा मात्रांच्या चरणार्धाची आवृत्ती होऊन चोवीस मात्रांचा चरण सिद्ध होतो. फारसी-उर्दू छंदःशास्त्रातील एका सुप्रसिद्ध बहराशी हे वृत्त जुळते. इक्बालांच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ या गीताचा साचाही तोच आहे. शब्द शुद्ध करणाऱ्याने लय मात्र परकी राहू दिली! रविकिरण मंडळाच्या, विशेषतः माधव जूलियन यांच्या प्रभावामुळे गज्जलवृत्ते त्या काळी मराठी कवितेत रुळू लागली होती आणि उर्दू रंगभूमीमुळे ती मराठी रंगमंचाच्या कानावर त्याआधीच पडलेली होती. ‘रणदुंदुभि’ नाटकातील ‘जगी हा खास वेड्यांचा’ हे पद तर सरळसरळ लगागागा या गणाच्या चार आवृत्त्यांचे, म्हणजे वियद्गंगा वृत्ताचे आहे.

या छंदोविचाराचा चालीशी निकटचा संबंध आहे. लगागागा हा सात मात्रांचा गण. एका लघूने उडी घेऊन तीन गुरूंवर ठामपणे उभा राहणारा हा गण स्वभावतः बोलका, टोमणा मारणारा आहे. जगाला वेड्यांचा बाजार म्हणणाऱ्या पदाला तो शोभून दिसतो. येथे चाल फार पसरट केली तर उपरोध मरतो. बुवांनी या पदात शब्दांची फेक जवळजवळ गद्याइतकी स्पष्ट ठेवली, गाणे बोलण्याच्या अंगाने नेले. ख्यालगायकाला हा संयम सोपा नसतो. याउलट आनंदकंदाच्या प्रत्येक अर्ध्याच्या अखेरीस दोन गुरू एकापाठोपाठ येतात. तेथे स्वर लांबवण्यास, मींड घेण्यास, क्षणभर थबकण्यास वाव आहे. शेकडो जन्मांच्या शोधानंतर लाभलेला भेटीचा क्षण निसटून गेला, हा ‘शत जन्म’ या पदाचा आशय. संहितेत हा आशय काहीसा आलंकारिक आहे. ‘शत’ या शब्दाची पुनरुक्ती, सूर्यमालांची अतिभव्य प्रतिमा यांमुळे नुसते वाचताना पद थोडे दिपवते आणि थोडे दूरही ठेवते. गायनात मात्र चरणार्धाच्या अखेरच्या लांब स्वरांवर ती भव्यता विरघळते आणि खाली उरतो तो हातून काही निसटल्याचा साधा चटका. शब्दांनी ब्रह्मांडाकडे नेलेले पद सुरांनी पुन्हा एका स्त्रीच्या जवळ आणले, असे या चालीचे वर्णन करता येईल.

पटदीपाची निवड

‘मर्मबंधातली ठेव ही’ या पदाबाबत बुवांच्या निवडीचे मर्म अधिक स्पष्टपणे दाखवता येते. हे पद पटदीप रागावर आधारलेले आहे. नाट्यसंगीताच्या श्रोत्याला भीमपलास घरच्यासारखा होता. कोमल गंधार, आरोहात ऋषभ-धैवत वर्ज्य, अवरोह संपूर्ण, हा आराखडा भीमपलास आणि पटदीप या दोन्ही रागांना समान आहे. फरक प्रामुख्याने एकाच स्वराचा : भीमपलासातील कोमल निषाद पटदीपात शुद्ध होतो. पण या एका स्वराने सारी प्रकृती पालटते. कोमल निषाद खालच्या धैवत-पंचमाकडे निवांत उतरू पाहतो. शुद्ध निषाद वरच्या षड्जासाठी तळमळतो. परिणामी ओळखीच्या वाटेवर चालणाऱ्या श्रोत्याला अकस्मात एका वळणावर वेगळाच कढ जाणवतो, आणि का जाणवला हे कळतही नाही.

जिवाच्या तळाशी जपून ठेवलेली आणि सुख देता देता दुखवणारी ठेव, असा या पदाचा भाव आहे. गोडी आणि सल एकाच वस्तूत असणे हे शब्दांनी सांगितले आहे. एका स्वराच्या पालटाने ते ऐकवणे हे चाल देणाऱ्याचे कर्तृत्व. पटदीप तेव्हा आजच्याइतका सर्वतोमुखी झालेला नव्हता. अनवट रागांचा साठा असलेल्या गवयाला आपली विद्या मिरवण्याचा मोह येथे सहज होऊ शकला असता. बुवांनी मात्र कठीण, आडवळणाचा राग न निवडता परिचिताच्या अगदी शेजारचा राग निवडला. पदाच्या पहिल्या ओळीत गालगा या पाच मात्रांच्या गणाची आवृत्ती आहे. या गणाच्या झोक्यामुळे मुखडा पुन्हापुन्हा घेण्यास आपोआप अनुकूल होतो. अर्थात पुढील ओळी इतक्या बांधीव नाहीत, आणि तेथे चालीनेच शब्दांना सावरून घेतलेले आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘रणदुंदुभि’ नाटकातील ‘परवशता पाश दैवे’ हे पारतंत्र्याच्या वेदनेचे पद नाटकाच्या मुख्य आशयाचेच पद आहे, आणि तेच टिकले. ‘संन्यस्त खड्ग’ नाटकात मात्र खड्गाची बाजू मांडणारे युक्तिवाद ग्रंथात राहिले आणि सुलोचनेच्या तोंडची पदे घरोघरी गेली. याचे एक कारण उघड आहे : प्रेमगीत संदर्भाशिवाय जगू शकते, युक्तिवाद जगू शकत नाही. परंतु एवढ्याने भागत नाही, कारण त्या काळातील असंख्य नाट्य-प्रेमपदे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. दुसरे कारण चालीत आहे. बुवांनी आपली सर्वांत सूक्ष्म रचनाशक्ती सुलोचनेला दिली. वीररसाला ओज पुरवणे त्यांच्यासारख्या लयबाज गवयाला सहज शक्य होते. तरी त्यांच्या प्रतिभेचा कल जेथे शब्दांत द्वंद्व आहे तिकडे झुकला. नाटककाराला सुलोचना आपल्या सिद्धान्ताचे एक उदाहरण म्हणून हवी होती. संगीताने तिला नाटकाच्या केंद्रस्थानी आणून बसवले. या अर्थाने ‘संन्यस्त खड्ग’ नाटकाचा पहिला भाष्यकार कोणी समीक्षक नव्हे. तो त्याचा संगीतकार आहे, आणि त्याचे भाष्य नाटककाराच्या हेतूला पूर्णपणे अनुकूल नाही.

गळा कोणाचा, चाल कोणाची

यावर कोणी म्हणेल की हे सारे श्रेय दीनानाथांचे आहे. त्यांचा तीनही सप्तकांत लीलया फिरणारा धारदार आवाज, पंजाबी अंगाच्या हरकती, अनपेक्षित जागी घेतलेल्या झेपा यांवाचून ही पदे कल्पितादेखील येत नाहीत, हे खरेच आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत तीन-सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेत जे विजेसारखे चमकते ते त्यांचेच आहे. परंतु चाल आणि गायन यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी उपलब्ध आहे : गळा बदलल्यावर काय उरते? ‘मर्मबंधातली ठेव ही’ पुढे आशा भोसले यांनी गायिले. त्यांच्या गायनाची जात वेगळी, स्वर लावण्याची रीत वेगळी. दीनानाथांच्या तानांचा आवेश तेथे नाही. तरीही शुद्ध निषादाचा तो कढ, शब्दांची तीच विभागणी आणि मुखड्याची तीच ओढ कायम राहते. जे उरते ते बुवांचे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

शिवाय ज्या गळ्यासाठी चाल बांधली त्याच गळ्याला तालीमही त्यांनीच दिलेली होती. गुरू, संगीतकार आणि तालीममास्तर या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत आल्या की कोणती जागा सुचवलेली आणि कोणती उत्स्फूर्त, हे वेगळे काढणे अवघड होते. तसा अट्टहास करण्याचे कारणही नाही. दोघांचे योगदान मानले म्हणजे पुरे.

मर्यादा

बुवांच्या नाट्यरचनांचे सरसकट गुणगान करणे मात्र योग्य होणार नाही. त्यांच्या चाली गायकनटाकडून फार मोठी अपेक्षा करतात. दीनानाथांसारखा नट मिळाला तर पद उजळते. सामान्य गायकनटाच्या हाती तेच पद नाटकाची गती अडवणारी मैफल होऊन बसते. टेंबे यांच्या ‘मानापमान’ नाटकातील पदांत जो सुटसुटीत चटपटीतपणा आहे, कोणीही गुणगुणावे असा, तो बुवांच्या चालींत अभावानेच आढळतो. नाट्यपदांचे रागसंगीत होत जाणे हा संगीत नाटकाच्या ऱ्हासाचा एक भाग होता, असे मत वारंवार मांडले गेले आहे. आणि बुवांची पिढी या आरोपातून पूर्णतः मुक्त होऊ शकत नाही. संवाद थांबवून पदावर पद घेणाऱ्या प्रेक्षकालाही त्या दोषात वाटा द्यावा लागेल. त्यातच ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी बोलपट अवतरला. बळवंत मंडळीही चित्रपटाकडे वळली आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) चित्रपटाच्या निमित्ताने कर्जात बुडाली. बुवांच्या चालींना ज्या व्यासपीठाची गरज होती तेच त्यांच्या पायाखालून सरकले.

१९४२ मध्ये दीनानाथ गेले. बुवा १९४५ मध्ये पुणे येथे निवर्तले. दीर्घकाळ त्यांचे वास्तव्य बेळगाव येथे होते. उतारवयात त्यांनी ‘संगीतकलाप्रकाश’ हा ग्रंथ दोन भागांत सिद्ध केला. आत्मकथनपर मजकूर आणि स्वरलिपीसह चिजा असे त्याचे स्वरूप आहे. त्यात गवई वझे बोलतात. नाटक कंपनीतील वझे त्या मानाने मागेच राहतात. शिष्यपरंपरेचेही तसेच झाले. शिवरामबुवा वझे, गुरुराव देशपांडे यांच्याद्वारे आणि गजाननबुवा जोशी यांना मिळालेल्या तालमीतून बुवांच्या चिजा मैफलीत पोहोचल्या. गजाननबुवांचे शिष्य उल्हास कशाळकर यांच्या गायनातून त्या विद्येचा अंश आजही ऐकावयास मिळतो. तेथे बुवांचे नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात. नाट्यसंगीत स्पर्धांत ‘मर्मबंधातली ठेव ही’ म्हणणारा विद्यार्थी मात्र हे पद बहुधा ध्वनिमुद्रणावरून उचलतो आणि निवेदक ते ‘दीनानाथांचे पद’ म्हणून जाहीर करतो. ‘संगीतकलाप्रकाश’ ग्रंथातील स्वरलिपी आणि या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर मैफलीच्या चिजांतील कोणते चलन रंगभूमीवर आले आणि येताना त्याचे काय झाले, याचा शोध संगीत व मराठी या दोन्ही विभागांच्या अभ्यासकांना एकत्रितपणे घेता येण्यासारखा आहे.